पोपट पाळायचा आहे? आधी जात ठरवा: सातारा-सांगलीकरांसाठी नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

हिवाळा सरत आला की आपल्याकडच्या पोपटांची वीण सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच ढोलीतून काढलेली पिल्लं विकायला येतात. अंगावर पिसंही नीट आलेली नसतात. ‘लहानपणापासून पाळला की बोलतो’ असं सांगून ती गळ्यात मारली जातात. असं पिल्लू घेऊ नका. शाळूच्या कणसावर बसणारा हिरवा पोपट, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा करण पोपट, लालसर-जांभळ्या डोक्याचा तुइया आणि सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते घरी ठेवण्यासाठी सामान्य माणसाला परवाना मिळत नाही, त्यामुळे अर्ज करण्याचा प्रश्नच येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आजोबांच्या काळापासून पिंजरा आहे’ हे कारण चालत नाही.

निळा किंवा पिवळा रिंगनेक (गळ्याभोवती कडं असलेला पोपट) दाखवून ‘हा परदेशी आहे’ असं विक्रेते सांगतात. रंग वेगळा असला तरी जात आपल्या हिरव्या पोपटाचीच. आमचा सल्ला स्पष्ट आहे: या वादात पडू नका, दुसरी जात निवडा.

परदेशी पोपटांचे कागदाच्या दृष्टीने तीन गट पडतात. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या तीन जाती साइटीस कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) यादीत नाहीत, म्हणून त्यांना वनखात्याकडे नोंदणी लागत नाही. पहिल्यांदा पक्षी पाळणाऱ्यासाठी आम्ही यांचंच नाव सुचवू. मात्र नावांचा घोळ इथेच होतो. आपल्याकडे बजरीगरलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खऱ्या लव्हबर्डमध्येही गुलाबी चेहऱ्याचा सोडला, तर डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला फिशर आणि काळ्या तोंडाचा मास्क्ड हे यादीत आहेत आणि त्यांना नोंदणी लागते. पावतीवर नुसतं ‘लव्हबर्ड जोडी’ लिहून घेतलं तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. शास्त्रीय नाव लिहून घ्या.

दुसरा गट या यादीतल्या परिशिष्ट दोनचा: सन कोन्युर, ग्रीन-चीक कोन्युर, क्वेकर, निळा-पिवळा मकाव. यांना नोंदणी सक्तीची. तिसरा परिशिष्ट एकचा: आफ्रिकन ग्रे (२०१७ पासून), लाल मकाव, मोलुक्कन काकाकुआ. यांनाही नोंदणी लागते, शिवाय पिल्लं काढायची असतील तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा वेगळा परवाना लागतो. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. पन्नाशीतल्या माणसाने तो घेताना आपल्यामागे तो कोणाकडे जाईल, हे घरात बोलून ठेवावं. सन कोन्युरचा आवाज शेजारच्या दोन-तीन घरांत जातो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तो टाळाच.

नोंदणी कशी करायची

२८ फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार यादीतला पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर अर्ज करायचा असतो. नियम लागू होण्याआधीपासून पक्षी असणाऱ्यांना सहा महिने दिले होते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये संपले. ज्यांचं राहून गेलं त्यांनी धाड पडायची वाट न पाहता असतील ते कागद घेऊन आपल्या जिल्ह्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात जावं.

पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेलने खातं उघडा. नाव आधारवर आहे तसंच टाका. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे नागपूरला जातो. पडताळणीला स्थानिक वनाधिकारी घरी येऊ शकतात, म्हणून पत्ता पक्षी जिथे ठेवला आहे तिथलाच द्या. पक्षी कराडच्या घरी आणि अर्ज पुण्याच्या पत्त्यावर, असं झालं की अर्ज अडकतो.

हाताशी ठेवायचे कागद असे: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, विक्रेत्याची पावती, पक्ष्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, पायातल्या रिंगचा नंबर वाचता येईल असा एक जवळचा फोटो, पिंजऱ्याचा फोटो, आणि असल्यास नर-मादी ठरवणाऱ्या डीएनए तपासणीचं कार्ड. पावतीवर शास्त्रीय नाव, रिंग नंबर, तारीख आणि विक्रेत्याची सही हवी. शास्त्रीय नाव चुकलं तर यादीत दुसरीच जात निवडली जाऊ शकते. तेव्हा ते पावतीवरून पाहून, दोनदा तपासून भरा.

रिंग बंद, अखंड असावी. ती पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जात नाही. म्हणूनच पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा तो सगळ्यात चांगला पुरावा. जोड असलेली किंवा कापून बसवलेली रिंग दिसली तर व्यवहार थांबवा.

दुकानदाराकडे दोन गोष्टी मागा. एक, २०१८ च्या पेट शॉप नियमांखालची दुकानाची नोंदणी. दोन, यादीतला पक्षी असेल तर त्याच्या स्वतःच्या नावावरचं नोंदणी प्रमाणपत्र. पक्षी दुसऱ्याला दिला की हस्तांतरण कळवण्याची जबाबदारी देणाऱ्याची असते. ते त्याने केलं नाही तर तुमच्या अर्जात पक्षी कुठून आला, ही जागाच रिकामी राहते. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.

नोंदणी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. पिल्लं झाली, पक्षी दगावला किंवा कोणाला दिला, तर प्रत्येक वेळी पोर्टलवर कळवावं लागतं. दगावलेला पक्षी लगेच पुरू नका. आधी पशुवैद्यकाला दाखवून लेखी अहवाल घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशींचं असतं. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे विचारणा करता येते.

घरात आधीच देशी पोपट असेल तर त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला अन्न शोधता येत नाही, कावळे आणि मांजरं त्याला टिकू देत नाहीत. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि पिंजऱ्यासकट त्यांच्या ताब्यात द्या.