मेडिना अलर्ट
मेडिना अलर्ट : धडक देऊन पळालेल्या वाहनाचा तपशील तातडीने लोकांपर्यंत पोहोचवणारी, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातली पोलीस यंत्रणा. जानेवारी २०११ मध्ये डेन्व्हर शहरात मेडिना आडनावाचा एक तरुण अशा धडकेत ठार झाला. पाहुण्यांच्या गाड्या पार्किंगला लावून देण्याचे काम तो करत असे. एका टॅक्सीचालकाने धडक पाहिली, पळणाऱ्या गाडीचा पाठलाग केला आणि तिचा नंबर पोलिसांना कळवला. त्यावरून चालक सापडला. एका टॅक्सीवाल्याने जे केले ते शहरभरच्या चालकांना करता यावे, या विचारातून २०१२ मध्ये डेन्व्हर परिसरात ही व्यवस्था सुरू झाली. २०१४ मध्ये कायदा होऊन ती राज्यभर लागू झाली.

अपहृत मुलांच्या शोधासाठी १९९६ नंतर टेक्ससमधून पसरलेला ‘अँबर अलर्ट’ हा तिचा नमुना. गाडीचा नंबर, रंग, बनावट आणि पळालेली दिशा महामार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर झळकते. रेडिओ-टीव्हीवरूनही सांगितली जाते. मात्र प्रत्येक धडकेला इशारा निघत नाही. कोणी दगावलेले वा गंभीर जखमी असावे लागते आणि गाडी ओळखता येईल एवढी माहिती हाती असावी लागते. ‘पांढरी कार’ एवढ्यावर इशारा काढला, तर रस्त्यावरची निम्मी वाहतूक संशयित ठरेल.

घाई असते ती दोन कारणांनी. पळणारा पुष्कळदा प्यायलेला असतो, आणि काही तासांनी रक्तातली दारू मोजण्यात अर्थ उरत नाही. दुसरे म्हणजे फुटलेला दिवा आणि चेपलेले बॉनेट हाच गाडीवरचा पुरावा. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग झाले की तोही गेला.

कॅलिफोर्नियात ‘यलो अलर्ट’ नावाने हीच कल्पना अडखळत आली. लॉस एंजेलिसचे आमदार माइक गॅटो यांचे विधेयक गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०१४ मध्ये परत पाठवले. इशाऱ्यांचे प्रकार वाढत गेले तर यंत्रणेवर ताण येईल, हा त्यांचा आक्षेप. तो वावगा नव्हता. फलक रोजच पेटू लागला की त्याच्याकडे पाहतो कोण? पुढच्याच वर्षी मात्र त्यांनी सही केली. त्या कायद्याची मुदत २०१९ च्या आरंभी संपली आणि नव्या कायद्याने २०२३ पासून इशारा परत आला. लॉस एंजेलिस शहराने याखेरीज बक्षिसे लावली आहेत. प्राणघातक धडकेतला चालक पकडून देणाऱ्या माहितीला ५०,००० डॉलरपर्यंत.

भारतात धडक देऊन पळालेल्या वाहनांसाठी असा स्वतंत्र जाहीर इशारा रूढ नाही. नंबर मिळाला तर बिनतारी संदेश आणि नाकाबंदी, नाहीतर बातमीत ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ हे ठरलेले शब्द. मोटार वाहन कायद्यातली ‘हिट अँड रन’ची व्याख्याही या ‘अज्ञात’वरच उभी आहे : रास्त प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटली नाही, त्याने केलेला अपघात. अशा मृत्यूची भरपाई १ एप्रिल २०२२ पासून २५,००० वरून २ लाख रुपये झाली. भारतीय न्याय संहितेत पळणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर, १ जुलै २०२४ ला संहिता लागू होताना ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

नागपूर ग्रामीण पोलिसांनी ऑगस्ट २०२५ मध्ये निराळी वाट काढली. दुचाकीवरच्या एका महिलेला चिरडून गेलेल्या ट्रकचा नंबर कोणी टिपला नव्हता; त्यावर लाल खुणा होत्या, एवढेच पतीला आठवत होते. पोलिसांनी तीन टोलनाक्यांचे सीसीटीव्ही चित्रण राज्याच्या ‘मार्व्हल’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला दिले. लाल खुणांचे ट्रक तिने वेगळे काढले, त्यांच्या वेगावरून एक निश्चित झाला आणि सुमारे ३६ तासांत तो ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर पकडला गेला.