आमच्या नावाने फोन आला, तर तो ठेवा आणि आम्हाला लावा
(वेबसाइटसाठी डोमेन आणि सर्व्हरवर जागा देणाऱ्या आमच्या कंपनीचं ग्राहकांसाठी माहितीपत्रक, इंदूर)

गेल्या दिवाळीच्या तोंडावर राजेंद्रनगरमधल्या एका ताईंचा सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. घरगुती फराळाच्या ऑर्डर त्या वेबसाइटवरून घेतात, आणि वर्षाची निम्मी कमाई त्या पंधरा दिवसांतच होते. आवाज घाबरलेला. ‘दादा, तुमचा मेल आलाय. आज पैसे भरले नाहीत तर संध्याकाळी साइट बंद. कार्डाचा नंबर टाकून झालाय, आता ओटीपी मागतायत. टाकू ना?’

आम्ही म्हणालो, काहीही टाकू नका. त्यांच्या डोमेनचे, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाचे, पैसे मार्चपर्यंत भरलेले होते. मेलवर आमचं नाव होतं, आमचं चिन्ह होतं, खालची सहीसुद्धा आमच्यासारखीच. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात फक्त एक अक्षर जास्त होतं. पैसे वाचले, कारण ताईंनी ओटीपी टाकायच्या आधी विचारलं. कार्ड मात्र लगेच ब्लॉक करावं लागलं. हे पत्रक काढायचं त्या दिवशी ठरलं.

या लोकांना तुमचं नाव कळतं कसं, असं पुष्कळ जण विचारतात. त्यासाठी आमच्याकडून काही फुटावं लागत नाही. डोमेन कधी घेतलं आणि त्याची मुदत कधी संपते, हे ‘हूइज’ नावाच्या नोंदवहीत कोणालाही पाहता येतं. तुमचा फोन नंबर तुमच्याच साइटच्या तळाशी असतो. तेव्हा मेलमध्ये तुमच्या डोमेनचं नाव आणि तारीख अगदी बरोबर असली, तरी तेवढ्यावरून मेल खरा ठरत नाही.

आमची पद्धत एकच आहे. नूतनीकरणाची आठवण आम्ही मेलने करतो, पण पैसे तुम्ही स्वतः तुमच्या खात्यात लॉगिन करून भरायचे. व्हॉट्सअॅपवर पैसे भरायची लिंक आम्ही पाठवत नाही. ओटीपी, पासवर्ड किंवा यूपीआय पिन विचारत नाही. फोनवर स्क्रीन दाखवणारं कुठलंही अॅप टाकायला सांगत नाही. ‘तुमचा रिफंड अडकलाय, पिन टाका म्हणजे जमा होईल’ असं कोणी म्हणालं, तर फोन तिथेच ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. डोमेन दुसरीकडे हलवायचा ट्रान्सफर कोडही कोणाला वाचून दाखवू नका, कारण कोड हाती लागला आणि डोमेनचं लॉक उघडं असलं, तर डोमेन हातचं जातं.

आमच्या नावाने फोन आला आणि मनात जरा जरी शंका आली, तरी फोन ठेवा आणि तुमच्या बिलावर छापलेल्या नंबरावर आम्हाला फोन लावा. नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबरही टाकलेले असतात. खरोखर आम्हीच बोलत असलो, तर आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही. उलट बरं वाटेल.

नवीन खातं सुरू करायला वेळ का लागतो?

‘पैसे भरले, तरी अर्धा दिवस झाला, खातं सुरू नाही’ ही तक्रार आम्हाला नेहमी ऐकावी लागते. त्याचं कारण सांगतो. एकदा रात्री दोनच्या पुढे एक ऑर्डर आली. नाव भारतातलं, कार्ड परदेशातलं, पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव. डोमेनचं नाव एका बँकेसारखं, फक्त मध्ये एक जादा आडवी रेघ. पैसे लगेच जमा झाले. लगेच चॅटवर विचारणा: कधी सुरू होईल? दहा मिनिटांत तोच प्रश्न तीनदा. बाकी काहीच विचारलं नाही. ऑर्डरमध्ये दिलेल्या नंबरावर आम्ही फोन केला, तर तो लागेना. ऑर्डर रद्द केली, पैसे परत केले.

भारतातल्या कार्डांना ऑनलाइन व्यवहारासाठी २००९ पासून ओटीपीसारखा दुसरा टप्पा लागतो. परदेशातली कित्येक कार्डं त्याविना चालतात, म्हणून चोरीच्या कार्डांचे नंबर आमच्यासारख्यांकडे वापरले जातात. खऱ्या मालकाला पुढे कधीतरी कळतं, मग बँक आमच्याकडून रक्कम परत घेते. ते नुकसान आम्ही सोसू. पण ती साइट सुरू झाली असती, तर त्या खोट्या पानावर कुणीतरी आपला पासवर्ड टाकला असता. शिवाय एका सर्व्हरवर बरेच ग्राहक असतात. एकाच्या उद्योगामुळे सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, काळ्या यादीत गेला, की शेजारच्या दवाखान्याचे रिपोर्टसुद्धा रुग्णांच्या स्पॅममध्ये पडतात. म्हणून आम्ही फोन करतो, ओळखपत्र मागतो. व्हीपीएस (भाड्याने दिलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर) आणि क्लाउडसाठी तर तो नियमच आहे: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता आणि संपर्क सेवा बंद झाल्यानंतरही ५ वर्षं जपून ठेवावे लागतात.

जाता जाता बँकांबद्दल एक सांगायचं. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपावर विसंबू नका. ज्या प्रमाणपत्रामुळे ते दिसतं, ते फुकट मिळतं, भामट्यालाही मिळतं. बँकेच्या साइटच्या पत्त्याचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

मेल खरा, खाते क्रमांक खोटा

हे सगळ्यात वाईट, कारण यात मेल खोटा नसतोच. सियागंजातल्या आमच्या एका घाऊक व्यापारी ग्राहकाने नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकाला बिल पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच मेलखाली, त्याच भाषेत, गिऱ्हाइकाला उत्तर गेलं: ‘बँक ऑडिटमुळे खातं बदललं आहे, या खात्यात भरा.’ मेल खरोखर व्यापाऱ्याच्याच मेलबॉक्समधून गेला होता. त्यांचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरून फुटला होता, आणि तोच त्यांनी इथेही ठेवला होता. आत शिरलेल्याने एक फॉरवर्डर लावून ठेवला होता, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत गुपचूप बाहेर जात होती. रक्कम मोठी होती, आणि गिऱ्हाइकाशी वीस वर्षांचा संबंध होता. दोघांनाही ते फार लागलं.

म्हणून आजच तुमच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फॉरवर्डर’ उघडून बघा. तुम्ही न लावलेला पत्ता दिसला, तर तो पुसू नका, आधी आम्हाला फोन करा. मेलचा पासवर्ड वेगळा ठेवा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. जमत नसेल तर ऑफिसात या, बसून करून देऊ. खाते क्रमांक बदलल्याचा मेल कोणाचाही आला, तरी ओळखीच्या नंबरावर बोलल्याशिवाय पैसे भरू नका. आणि फुकट मिळणाऱ्या ‘प्रीमियम’ थीम साइटवर टाकू नका, त्यात बऱ्याचदा भामट्यांना साइटमध्ये शिरायला मागचं दार उघडं ठेवलेलं असतं.

पैसे गेलेच, तर सगळ्यात आधी १९३० वर फोन करा, मग बँकेला आणि त्यानंतर आम्हाला. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. आलेला मेल डिलीट करू नका. आम्हाला स्क्रीनशॉट नको, मूळ मेलच जोडून पाठवा. तो कुठून आला हे त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या नोंदींत, असतं, आणि हेडर चित्रात येत नाही.