नावड आणि आकस व्यक्त करणारे मराठी वाक्प्रचार

एखादा माणूस न आवडणे, त्याच्याविषयी राग साचणे किंवा वैर धरणे यांसाठी मराठीत रूढ झालेली बोलभाषेतील शब्दरूपे. त्यांतली बरीच शरीराच्या दुखण्यावरून आली, काही अरबी-फारसीतून, तर थोडी वस्तूंच्या किंवा अंकांच्या आकारावरून.

शरीरावरून आलेल्या वाक्प्रचारांचे दोन गट पडतात. वाक्याचा कर्ता पाहिला की ते ओळखू येतात. ‘तो डोळ्यांत खुपतो’, ‘तिचं वागणं मनात सलतं’, ‘तो डोक्यात जातो’ यांत कर्ता नावडता माणूस आहे. बोलणारा केवळ सोसतो. ‘सल’ हा संस्कृत ‘शल्य’पासून आला, म्हणजे अंगात रुतलेला काटा किंवा बाणाचे टोक. ‘तिडीक’ म्हणजे एकाएकी उठणारी कळ. ‘मस्तकात तिडीक जाणे’ आणि ‘डोक्यात जाणे’ यांची घडण एकच. ‘वावडे’ मात्र आहारातले: एखादा पदार्थ न सोसण्यावरून ते माणसांना लागू झाले.

दुसऱ्या गटात ‘दात धरणे’, ‘डूख धरणे’, ‘खार खाणे’ येतात. येथे कर्ता द्वेष करणारा असतो आणि ज्याचा द्वेष करायचा त्याला ‘वर’ लागते. त्यामुळे स्वतःविषयी बोलताना पहिला गट वापरला जातो, इतरांविषयी दुसरा. ‘मी त्याच्यावर खार खातो’ अशी कबुली सहसा कोणी देत नाही. ‘डूख’मागे सापाच्या सूडाची समजूत आहे. साप माणूस लक्षात ठेवून बदला घेत नाहीत, पण त्यामुळे वाक्प्रचाराचे काही बिघडलेले नाही.

व्युत्पत्ती सांगताना चुका होतात त्या बहुधा ध्वनिसाम्यामुळे. ‘खार खाणे’तली खार झाडावरची नव्हे आणि लोणच्यातलीही नव्हे, फारसीत ‘खार’ म्हणजे काटा. ‘आकस’ अरबी ‘अक्स’वरून आला, त्याचा अर्थ उलटा, विरुद्ध. ‘दावा’ही अरबीच, मूळ अर्थ हक्कमागणी. फिर्यादीतला प्रतिपक्ष हळूहळू वैरी ठरला. म्हणून ‘दावा साधणे’ म्हणजे सूड उगवणे, आणि जुन्या मराठीत ‘दावेदार’ म्हणजे शत्रू. आज वर्तमानपत्रांत ‘विजेतेपदाचा दावेदार’ वाचताना तो अर्थ आठवतही नाही.

‘खुन्नस’ अनेकांना ‘खून’वरून आलेली आणि कालपरवाची वाटते. प्रत्यक्षात इ.स. १५७४ मध्ये लिहायला घेतलेल्या तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त ‘खुनिस’ हे रूप आहे, आणि तेथे रक्तपाताचा संबंध नाही, केवळ रोष आहे. हिंदी कोशांत तिचे मूळ ‘खिन्न मन’ असे दिलेले आढळते. दुसऱ्या गटाला ती एक अपवादही आहे, कारण खुन्नस उघडपणे मिरवली जाते.

‘विळ्या-भोपळ्याचे सख्य’ हा सरळ उपरोध आहे: विळा पडो वा भोपळा, चिरला जातो भोपळाच. ‘छत्तीसचा आकडा’ मात्र देवनागरी लिपीशी बांधलेला आहे. ३६ मध्ये ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. ६३ मध्ये तेच समोरासमोर येतात. इंग्रजी अंकांत सहाचा गोल मिटलेला असल्याने हे चित्र उमटत नाही, तेव्हा हा वाक्प्रचार समजावताना अंक देवनागरीतच लिहून दाखवावे लागतात.