घरगुती सॅटेलाइट अँटेना (व्ही-डायपोल)

सॅटेलाइटचा सिग्नल म्हटलं की डिशच लागणार असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खालच्या कक्षेतल्या हवामान सॅटेलाइटसाठी ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, एक स्क्रूवाला कनेक्टर आणि थोडी कोॲक्स केबल (टीव्हीला लावतात तशी गोल केबल) एवढ्यात काम भागतं. या अँटेनाला व्ही-डायपोल म्हणतात आणि पहिल्यांदा बनवणाऱ्याने हीच बनवावी.

लांबीचं गणित सोपं आहे. 300 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की वेव्हलेंग्थ मीटरमध्ये येते, हे सॅटेलाइट 137 ते 138 मेगाहर्ट्झवर असतात म्हणजे ती झाली साधारण 2.18 मीटर, प्रत्येक नळी किंवा दांडी तिच्या पाव भागाएवढी म्हणजे साडेचोपन्न सेंटिमीटर हवी, पण प्रत्यक्षात ती जरा आखूड ठेवावी लागते म्हणून 53 च्या आसपास कापतात. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर नुसतं ऐकण्यासाठी काही बिघडत नाही.

खरी काळजी घ्यायची ती जोडणीत. केबलचं वरचं आवरण सोललं की आत बारीक तारांची जाळी दिसते, ती बोटांनी नीट पिळून एका दांडीला आणि मधली तार दुसरीला. जाळीतली एक केसाएवढी तार जरी मधल्या तारेला चिकटली तरी शॉर्ट होतं आणि मग तासभर सेटिंग बदलत बसलात तरी सिग्नल मिळत नाही. जोड टेपने घट्ट बंद करायचा, केबलमध्ये एकदा पाणी शिरलं की ती गेलीच.

दोन दांड्यांमध्ये 120 अंशाचा कोन ठेवून अँटेना जमिनीला समांतर आडवी धरतात, व्हीचं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे, कारण हे सॅटेलाइट ध्रुवांवरून फिरतात. आडवी असल्यामुळे जमिनीवरच्या उभ्या अँटेनांचा गोंगाटही कमी येतो. सिग्नलचं पोलरायझेशन, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, गोलाकार फिरणारं असतं आणि डायपोल त्यातली अर्धीच पॉवर घेतो म्हणजे 3 डेसिबलचा तोटा, तो टाळायचा असेल तर पिळदार क्यूएफएच अँटेना आहे, पण ती वाकवायला चांगलीच मेहनत लागते.

अमेरिकेचे नोआ 15, 18 आणि 19 हे तिन्ही हवामान सॅटेलाइट 2025 मध्ये बंद झाले, त्यांचा सेकंदाला दोनदा येणारा टिकटिक आवाज ऐकून कित्येक जण या छंदात आले, त्यामुळे फार वाईट वाटतं. आता 137.1 आणि 137.9 मेगाहर्ट्झवर रशियाचे मेटिओर-एम मालिकेतले सॅटेलाइट डिजिटल फोटो पाठवतात, ते आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) लावून कॉम्प्युटरवर डीकोड करता येतात.

सॅटेलाइट साधारण 800 किलोमीटर उंचीवरून जातो आणि एका फेरीत जास्तीत जास्त पंधराएक मिनिटं आपल्याला दिसतो, म्हणून अँटेना कशाची आहे यापेक्षा ती कुठे ठेवली आहे हे महत्त्वाचं, मोकळी गच्ची सगळ्यात चांगली. बाल्कनीतून घेतलेल्या फोटोत ढग छान उमटत असतात आणि सॅटेलाइट इमारतीमागे गेला की तिथून पुढे नुसते काळे पट्टे.