एकच भाव, रोख व्यवहार : ख्रिस्ती दुकानदारीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील ख्रिस्ती दुकानदार आणि त्याची श्रद्धा हा विषय अलीकडे बहुतेक वेळा न्यायालयाच्या निमित्ताने चर्चेत येतो. २०१४ मध्ये हॉबी लॉबी या हस्तकलेच्या साहित्याच्या दुकानसाखळीचा आणि २०१८ मध्ये कोलोरॅडोतील लेकवुड येथील एका केकच्या दुकानाचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. तेव्हापासून दुकानदाराने कोणते काम नाकारावे आणि कायद्याने त्याला किती मोकळीक द्यावी, याभोवतीच वाद फिरत राहिला आहे. या गदारोळात परंपरेचा जुना आणि माझ्या मते अधिक मोलाचा भाग मागे पडतो. लहान गावात दुकान चालवणाऱ्या श्रद्धावान माणसांनी साडेतीनशे वर्षे स्वतःला वेगळेच प्रश्न विचारले होते. मालाचा भाव कसा सांगावा, गरिबाला उधार द्यावे की देऊ नये, आणि दुकान किती वाढवावे, हे ते प्रश्न होत. यांपैकी कोणताही प्रश्न न्यायालयात नेण्याजोगा नव्हता. ज्याचा त्यानेच तो आपल्या दुकानात सोडवायचा होता.

मापात पाप करू नये, ही शिकवण बायबलच्या जुन्या करारातच आहे. खरा तराजू आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात येते, आणि नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट असल्याचे सांगितले आहे. तरीही मध्ययुगीन चर्चला व्यापाऱ्याविषयी फारसा विश्वास नव्हता. स्वस्तात घेऊन महाग विकणारा माणूस देवाला प्रिय असू शकतो का, ही शंका धर्मपंडितांना होती. थॉमस अक्वायनस यांनी माफक नफ्याला मान्यता दिली, तीही कुटुंबाचे पोषण किंवा गरिबांना साहाय्य अशा हेतूंच्या आधारावर. दुकानदारी हीच श्रद्धा जगण्याची जागा होऊ शकते, हा विचार खऱ्या अर्थाने रुजला तो सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये, क्वेकर या ख्रिस्ती पंथात.

क्वेकरांनी बायबलच्या नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील वचन अक्षरशः घेतले : तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही एवढेच असावे. त्यामुळे ते न्यायालयात शपथ घेत नसत, आणि त्याच कारणाने बाजारात घासाघीसही करत नसत. दहा शिलिंग सांगून सातला देणाऱ्याने पहिला आकडा सांगताना खोटेच बोललेले असते, असे त्यांचे म्हणणे होते. आठवडी बाजारात वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हे जरा कठोर वाटेल, कारण घासाघीस हा आपल्याकडे दोघांनीही ओळखलेला खेळ असतो आणि त्यात कोणी फसवले गेल्याची भावना क्वचितच असते. पण ज्याला भाव माहीत नाही, ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याच्यापाशी वेळ नाही, तो या खेळात नेहमी हरतो. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी आपल्या रोजनिशीत १६५०च्या दशकातील जी हकीकत लिहून ठेवली आहे, तिचा रोख नेमका याच माणसावर आहे. क्वेकर दुकानदार कोणापुढे टोपी काढत नाहीत आणि मोठ्यांनाही एकेरी संबोधतात, म्हणून सुरुवातीला लोकांनी त्यांच्याकडे जाणे सोडले आणि काहींची उपासमार होण्याची वेळ आली. पुढे लोकांच्या लक्षात आले की यांच्या दुकानात लहान मूल पाठवले तरी मोठ्या माणसाइतकाच चोख माल आणि तोच भाव मिळतो. मग गिऱ्हाईक परत आले, इतके की देशाचा सगळा व्यापार हे लोक आपल्या हातून काढून घेतील, अशी ओरड इतर व्यापारी करू लागले.

या शिस्तीला समाजाची देखरेखही होती. क्वेकरांच्या मासिक सभेत कोणाचा धंदा अडचणीत आहे याची विचारपूस होत असे, आणि आपल्या चुकीने दिवाळे काढणाऱ्याला पंथातून दूर केले जाई. दुसऱ्याचा पैसा बुडवणे हे धार्मिक अपराध मानले गेल्यामुळे दुकानदाराला कर्ज काढतानाच विचार करावा लागे. विद्यापीठे आणि सरकारी पदे बंद असलेल्या या पंथीयांना व्यापाराखेरीज फारसा मार्गही नव्हता. १८२२ मध्ये यॉर्कमध्ये जोसेफ राउनट्री यांनी उघडलेले किराण्याचे दुकान आणि १८२४ मध्ये जॉन कॅडबरी यांनी बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी व कोको विकण्यासाठी थाटलेले दुकान ही याच परंपरेची फळे होत.

या सगळ्या इतिहासात माझे मन सर्वाधिक रेंगाळते ते अठराव्या शतकातील अमेरिकेतले क्वेकर जॉन वूलमन यांच्यापाशी. न्यू जर्सीतील माउंट हॉली या छोट्या गावात ते एकविसाव्या वर्षी एका दुकानदाराकडे हिशेब लिहायला आणि गल्ला सांभाळायला राहिले. एकदा मालकाने आपली गुलाम स्त्री विकली आणि विक्रीखत लिहिण्यास त्यांना सांगितले. त्यांनी ते लिहिले, पण गुलामगिरी ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मालकासमोर आणि खरेदीदारासमोर बोलून दाखवले; पुढे असे दुसरे खत लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. गुलामगिरीविरोधी चळवळीतील त्यांचे मोठे कार्य येथून सुरू झाले. मात्र त्यांच्या दुकानाची हकीकत त्यामानाने कमी सांगितली जाते, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने देतो.

वूलमन यांनी शिवणकाम शिकून स्वतःचा धंदा सुरू केला. आधी कपड्यांना लागणारे किरकोळ सामान, मग सुती आणि तागाचे कापड असा माल वाढत गेला. माणूस चोख असल्यामुळे गिऱ्हाईक दरवर्षी वाढले आणि मोठ्या व्यापाराचा रस्ता त्यांच्यासमोर मोकळा झाला. नेमके तेव्हाच त्यांच्या मनाने त्यांना अडवले. खरोखर उपयोगाच्या वस्तू विकण्याकडे त्यांचा कल होता. केवळ मिरवण्यासाठी घेतलेल्या वस्तू विकताना त्यांना अस्वस्थ वाटे. उधारीवर माल घेणारी माणसे ऐपतीपेक्षा जास्त घेतात, मुदत उलटते, सावकार दावा लावतो आणि चांगल्या शेजाऱ्यांत वैर येते, हे ते आपल्या गावात पाहत होते. त्यामुळे एखादा गरीब गिऱ्हाईक महागडे कापड मागू लागला की ते त्याला साधे आणि टिकाऊ कापड घेण्याचा सल्ला देत, मग त्यात स्वतःचा नफा कमी झाला तरी चालेल. अखेरीस १७५६च्या सुमारास त्यांनी दुकान आवरते घेतले. गिऱ्हाइकांना त्यांनी आधीच सांगून ठेवले, म्हणजे कोणत्या दुकानात जायचे याचा विचार करायला त्यांना अवधी मिळावा. त्यानंतर हाताखाली उमेदवारही न ठेवता ते एकट्याने शिवणकाम करत राहिले आणि जोडीला त्यांनी सफरचंदाच्या झाडांची निगा राखली.

आपण पूर्वी रम, साखर आणि काकवी विकली, ती वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमातून आली होती आणि त्या वेळी आपल्याला त्याची फारशी फिकीर नव्हती, हेही त्यांनी नंतरच्या नोंदीत लिहून ठेवले आहे. दुकानात येणारा माल कोणाच्या कष्टातून आला, हा प्रश्न किरकोळ दुकानदाराने इतक्या स्पष्टपणे स्वतःला विचारल्याची याहून जुनी नोंद माझ्या वाचनात नाही. १७७२ मध्ये यॉर्कमध्ये देवीच्या आजाराने त्यांचे निधन झाले.

एकोणिसाव्या शतकात एकच भाव ही रीत पंथाच्या बाहेर पडली. फिलाडेल्फियातील जॉन वॅनामेकर हे प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते. त्यांनी १८५८ मध्ये गरीब वस्तीत रविवारची शाळा काढली आणि १८६१ मध्ये कपड्यांचे दुकान. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असावी, ती सर्वांना सारखी असावी आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत मिळावेत, हे त्यांचे धोरण मोठ्या शहरांत लवकरच सर्वसामान्य झाले. लहान गावांत मात्र चित्र वेगळे होते, आणि तेथे उधारीचा प्रश्न भावाच्या प्रश्नाहून कितीतरी बिकट होता.

जेम्स कॅश पेनी यांची कथा येथे येते. त्यांचा जन्म १८७५ मध्ये मिसुरीतील हॅमिल्टनजवळ झाला. वडील शेतकरी होते आणि बॅप्टिस्ट पंथाच्या एका जुन्या वळणाच्या शाखेत बिनपगारी उपदेशकही होते. जेम्स आठ वर्षांचा झाल्यावर यापुढे आपले कपडे आपणच विकत घ्यावेत, असे त्यांनी त्याला सांगितले. मुलाने डुकरे पाळली. शेजाऱ्यांना दुर्गंधीचा त्रास होऊ लागताच वडिलांनी ती विकायला लावली. पुढे त्याने जत्रेच्या फाटकाबाहेर कलिंगडे विकायला बसून चांगली विक्री सुरू केली, तेव्हा वडिलांनी त्याला तेथूनही उठवले, कारण आतल्या विक्रेत्यांनी जागेचे पैसे भरले होते आणि याने काहीच भरले नव्हते. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हे मत्तयाच्या सातव्या अध्यायातील वचन, ज्याला सुवर्णनियम म्हणतात, त्या घरात अशा रीतीने शिकवले गेले.

तब्येतीच्या कारणाने पेनी १८९७ मध्ये कोलोरॅडोत गेले आणि लाँगमाँट गावी त्यांनी मांसाचे दुकान घेतले. गावातले हॉटेल हे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, आणि तेथल्या मुख्य आचाऱ्याला दर आठवड्याला व्हिस्कीची एक बाटली हवी असे. पेनी यांनी ती एकदा दिली, मग नकार दिला. हॉटेलची खरेदी थांबली आणि दुकान बुडाले. त्यानंतर ते थॉमस कॅलाहन आणि गाय जॉन्सन यांच्याकडे नोकरीला लागले, ज्यांच्या कापडाच्या दुकानांचे नावच ‘गोल्डन रूल’ होते. १९०२ मध्ये या दोघांनी त्यांना वायोमिंगमधील केमरर येथे नव्या दुकानात एक तृतीयांश भागीदारी देऊ केली. पेनी यांच्या वाट्याचे दोन हजार डॉलर होते. त्यांतील पाचशे बचतीतले आणि दीड हजार कर्जाऊ.

केमरर हे कोळशाच्या खाणीचे सुमारे हजार वस्तीचे गाव होते. खाणकामगारांची खरेदी कंपनीच्या दुकानातून उधारीवर चाले आणि पगारातून परस्पर कापली जाई. महिनाअखेर कामगाराच्या हाती रोकड कमीच येई आणि दुसरीकडे जाण्याची सोय उरत नसे. अशा गावात रोखीचे दुकान चालणार नाही, असे जाणकारांनी पेनी यांना बजावले होते. त्यांनी तरीही रोखीचेच दुकान काढले, उधारी नाही आणि घासाघीसही नाही. लाकडी इमारतीत एकच खोली, फडताळे खोक्यांच्या फळ्यांची. पती-पत्नी वरच्या माळ्यावर राहत, आणि पत्नी बर्टा दुकानात काम करत असताना तान्हे मूल काउंटरखाली झोपलेले असे. १४ एप्रिल १९०२ रोजी, पहिल्या दिवशी, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ४६६ डॉलर ५९ सेंटची विक्री झाली, आणि पहिल्या वर्षाची विक्री २८,८९८ डॉलरच्या वर गेली. उधारीच्या बुडीत रकमा आणि वसुलीचा खर्च नसल्यामुळे भाव उतरवता येत होते. श्रद्धेतून आलेली अट धंद्याच्या हिशेबातही बसत होती. हे दुकान रविवारीही उघडे असे, याची नोंद येथे करायला हवी. आज ख्रिस्ती दुकानदारीची खूण म्हणून रविवारच्या सुट्टीकडे पाहिले जाते. सुवर्णनियमाच्या नावाने उभ्या राहिलेल्या या दुकानाला ती खूण नव्हती.

पेनी यांची खरी करामत भागीदारीत होती. प्रत्येक व्यवस्थापकाने हाताखाली एक माणूस तयार करायचा, आणि तो तयार झाला की नव्या गावात नवे दुकान काढून त्याला एक तृतीयांश हिस्सा द्यायचा. नोकर हा शब्द टाळून सर्वांना सहकारी म्हटले जाई. १९१२ पर्यंत अशी ३४ दुकाने झाली. १९१३ मध्ये रीतसर कंपनी स्थापन झाली, ‘गोल्डन रूल’ हे नाव मागे पडून पेनी यांचे नाव आले, आणि त्याच वर्षी सात कलमांचे एक धोरण स्वीकारले गेले. सेवेचा रास्त मोबदला घ्यावा, बाजार सोसेल तेवढा नफा उकळू नये, हे त्यातले एक कलम. आणि प्रत्येक कृती योग्य व न्याय्य आहे का हे तपासावे, हे शेवटचे. १९२०च्या दशकाअखेर दुकानांची संख्या हजाराच्या वर गेली होती.

वूलमन जेथे थांबले तेथून पेनी पुढे गेले, आणि त्याची किंमत लहान गावांतील इतर दुकानदारांना मोजावी लागली. १९२०च्या आणि १९३०च्या दशकांत दुकानसाखळ्यांविरुद्ध अमेरिकेत मोठे आंदोलन झाले. अनेक राज्यांनी त्यांच्यावर खास कर बसवले आणि इंडियानाचा असा कर १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. आंदोलन करणारे स्थानिक दुकानदारही बहुतेक ख्रिस्तीच होते. शेजाऱ्याशी कसे वागावे हा नियम साखळीने कोणत्या शेजाऱ्याला लावायचा, गिऱ्हाइकाला की समोरच्या दुकानदाराला, याचे उत्तर सात कलमांत नव्हते. १९२९च्या मंदीत पेनी यांची स्वतःची जवळजवळ सर्व संपत्ती गेली आणि ते खचून बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात दाखल झाले. तेथे एका सकाळी प्रार्थनागृहात ऐकलेल्या भक्तिगीताने आपल्याला नवे जीवन दिले, असे ते आयुष्यभर सांगत. त्याआधी आपण वडिलांची नीती पाळली होती, पण खरी श्रद्धा तेव्हाच कळली, ही त्यांची स्वतःची साक्ष आहे.

त्यांच्या कंपनीत १९४० मध्ये आयोवातील डे मॉइन येथे सॅम वॉल्टन हा तरुण उमेदवारी करायला आला. नोकरांना सहकारी म्हणण्याची पद्धत त्याने पुढे आपल्या वॉलमार्टमध्ये नेली, आणि लहान गावांतील दुकानांवर त्याचा परिणाम पेनींच्या साखळीपेक्षा कितीतरी खोल झाला. पेनी यांची कंपनी १९५८ पर्यंत रोखीवर चालली. त्या वर्षी स्पर्धेपुढे नमून तिने उधारीची सोय सुरू केली. ऐंशी ओलांडलेल्या संस्थापकाला हा निर्णय रुचला नव्हता. पुढे क्रेडिट कार्डांमुळे लहान दुकानदाराच्याही खातेवहीतून उधारी निघून बँकेकडे गेली. त्याला पैसे लगेच मिळू लागले. पण समोरचे गिऱ्हाईक किती कर्जात आहे हे पाहून त्याला साधे कापड सुचवावे, अशी वेळच आता त्याच्यावर येत नाही.