दत्तक घेतलेला घुम्या आणि त्याच्या मागची शंभर वर्षं

परवा रात्री अकरा वाजता दोस्ताने एक मीम पाठवलं, की इंट्रोव्हर्ट कोणाशी दोस्ती करत नाही, एखादा एक्स्ट्रोव्हर्ट त्याला दत्तक घेतो, आणि खाली लिहिलं, "तुझी पावती". खरंच आहे म्हणा. पॉलिटेक्निकला प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आमचे रोल नंबर लागोपाठ होते म्हणून टेबल एकच आला, आणि तिसऱ्याच दिवशी "काय बे, बोलत काऊन नाही तू" म्हणत तो मला ओढत तर्री पोहे खायला घेऊन गेला, तिथे तो बोलून राहिला होता आणि मी खाऊन राहिलो होतो, आणि आजही आमचं जवळपास तसंच सुरू आहे. मग मी शोधत बसलो की हे दोन शब्द आले कुठून, आणि सापडलं ते असं की शब्दच मुळात एका फाटलेल्या दोस्तीतून निघालेत.

कार्ल युंग हा स्वित्झर्लंडचा मनाचा डॉक्टर, सिग्मंड फ्रॉइड व्हिएन्नाचा, वयात एकोणीस वर्षांचा फरक. १९०७ मध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा गप्पा तासन्‌तास संपल्याच नाही, फ्रॉइड तर ह्याला आपला वारसदारच समजायला लागला होता. पण पुढे बिनसलं, १९१३ च्या जानेवारीत फ्रॉइडने पत्र लिहून टाकलं की आता आपले वैयक्तिक संबंध बंद करू. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकला एक परिषद झाली, दोघंही तिथे होते, आणि युंगने भाषण दिलं ते नेमकं ह्या दोन प्रकारच्या माणसांवर. त्यानंतर ते दोघं कधीच भेटले नाही.

युंगचा प्रश्न मला फार आवडला. फ्रॉइड आणि अ‍ॅडलर, दोघंही व्हिएन्नाचे मनाचे डॉक्टर, दोघंही हुशार, मग एकाच पेशंटकडे बघून एक म्हणतो सगळं बाहेरच्या माणसांशी असलेल्या नात्यामुळे झालं आणि दुसरा म्हणतो सगळं ह्याच्या आत चाललेल्या वर-खाली होण्याच्या धडपडीतून आलं, असं कसं? तर फरक पेशंटमध्ये नाही, बघणाऱ्यात आहे, एकाचा ओढा बाहेर आणि एकाचा आत. १९२१ मध्ये त्याने ह्यावर जाडजूड पुस्तकच काढलं. त्यात लाजाळूपणाचा मुद्दाच नव्हता, मनाची ऊर्जा कुठल्या दिशेने वाहते एवढंच होतं, आपण आज जे 'माझी सोशल बॅटरी संपली' म्हणतो ते त्याच्याच लांबच्या नात्यातलं. आणि हो, तो 'एक्स्ट्रा' लिहायचा, 'एक्स्ट्रो' नंतर रुळलं. माझ्या दोस्ताकडे बघून मला तरी एक्स्ट्राच बरोबर वाटतं.

मराठीत ह्याची वेगळीच गंमत आहे. अंतर्मुख हा शब्द आपल्याकडे अध्यात्माच्या दारातून आला, त्यामुळे त्याला मान आहे, पेपरात अजूनही येतं की व्याख्यान ऐकून श्रोते अंतर्मुख झाले. पण घरात खराखुरा अंतर्मुख पोट्टा असला तर त्याला कोणी अंतर्मुख म्हणत नाही, घुम्या म्हणतात, एकलकोंडा म्हणतात, मावशी आली तर माणूसघाणा. म्हणजे दोन तासांसाठी झालात तर कौतुक, जन्मभरासाठी झालात तर कांदेपोह्याच्या कार्यक्रमात प्रॉब्लेम. बहिर्मुख तर बोलण्यात कोणी वापरतच नाही, तो आपला बोलका, माणसांत रमणारा, चारचौघांत उठून दिसणारा.

पुढचं पटापट सांगतो. १९२३ मध्ये एडमंड कॉन्क्लिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मधल्या लोकांसाठी अ‍ॅम्बिव्हर्ट हा शब्द काढला, आणि खरं तर बहुतेक जनता त्यातच मोडते. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची पोरगी इसाबेल मायर्स, दोघी काही शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या, त्यांनी युंग वाचून माणसाचा स्वभाव चार अक्षरांत सांगणारी टेस्ट बनवली. आणि लंडनमध्ये आयझेंक नावाचा मानसशास्त्रज्ञ म्हणाला की अंतर्मुख माणसाचा मेंदू आधीच जास्त जागा असतो म्हणून त्याला गोंगाट लवकर नकोसा होतो, जास्त जागा मेंदू छोट्या गोष्टीलाही जास्त प्रतिसाद देतो का ते बघायला लोकांच्या जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून कोणाच्या तोंडाला किती लाळ सुटते तेही मोजलं गेलं. नागपुरात असतं तर संत्रं वापरलं असतं. अंतर्मुखांची लाळ जास्त निघाली, पण थिअरी पुढच्या प्रयोगांत कधी जमली, कधी नाही.

पण ह्या सगळ्यात दोस्ती कुठेच नाही, प्रत्येक जण एकेकट्या माणसालाच मोजून राहिला. दोस्तीवाल्यांचं संशोधन वेगळ्याच गल्लीत चाललं होतं. फेस्टिंगर नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा १९५० चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या क्वार्टर्सचा. एकाच मजल्यावर शेजारच्या दारातल्या लोकांनी ४१ टक्के वेळा एकमेकांना दोस्त म्हटलं, आणि मजल्याच्या दोन टोकांवर राहणाऱ्यांनी १० टक्के. जिना कुठे आहे, पोस्टाचा डबा कुठे आहे ह्यानेसुद्धा फरक पडत होता. १९७४ चा मॅडी सेगलचा अभ्यास तर वाचून मी खुर्चीतून उठलोच, अमेरिकेतल्या मेरीलँडच्या पोलीस ट्रेनिंगमध्ये पोरांना आडनावाच्या अक्षराप्रमाणे बसवलं होतं आणि दोस्त्याही तशाच, अक्षराला अक्षर लागून झाल्या. म्हणजे माझं मीम चुकीचं निघालं, मला दोस्ताने नाही, रोल नंबरने दत्तक घेतलं.

टेबल एकच आला म्हणून ओळख झाली, पण टिकली काऊन? ह्याच्यावर १९८७ चं अ‍ॅव्हरिल थॉर्नचं काम आहे. अनोळखी बायकांच्या जोड्या लावून दहा-दहा मिनिटं बोलायला बसवलं. दोघी अंतर्मुख असल्या की एकाच विषयाच्या, बरेचदा अडचणींच्या, खोलात शिरायच्या, दोघी बोलक्या असल्या की इकडचं तिकडचं सगळं, हसून खेळून. मिसळ जोडीत मात्र दोघींनाही हलकं वाटलं, गप्प असणारीला ताजी हवा लागल्यासारखं, आणि बोलकीला असं की इथे सारखं गोड गोड बोलायचं प्रेशर नाही. हे वाचल्यावर मला फुटाळा तलावाच्या काठावरची ती रात्र आठवली जेव्हा माझ्या दोस्ताचे दोन विषय राहिले होते, घरी सांगितलं नव्हतं, कट्ट्यावरच्या वीस पोट्ट्यांपैकी एकालाही पत्ता नव्हता, आणि हा माझ्या बाजूला बसून कणीस खात सगळं सांगून मोकळा झाला. मी "हं" म्हटलं असेन चारदा.

तर हे सगळं त्याला फोनवर सांगितलं, म्युनिकपासून. एवढं सलग मी आयुष्यात बोललो नसेन आणि तो चक्क ऐकून राहिला होता. मग विचारलं, "मंग ते दोघं परत भेटलेच नाही?"

"नाही."

"फ्रॉइड कधी गेला?"

"१९३९."

"म्हणजे सव्वीस वर्षं! भैताड होते बे दोघंही," तो म्हणाला, आणि मग उद्या किती वाजता येऊ ते विचारलं.