वार, वही आणि साडेचार किलोचं बाळ

आमचं शेत उसाचं, हंगामात कारखान्याच्या मळीचा वास पार अंगणापर्यंत येतो, आणि अशा घरात जानेवारीत माझ्या गरोदरपणातल्या शुगरच्या टेस्टचा रिपोर्ट आला १६२. सव्वीसावा आठवडा चालू होता. आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्या सांगली भागात बऱ्याच घरात आत्याच म्हणतात) लगेच म्हणाल्या, "काकवी काय कमी चाटलीस का गं तू!" आणि खरं सांगू का, मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते तरी मलापण पहिल्या रात्री तेच वाटलं, की आपणच काहीतरी खाल्लं आणि बाळाला भोगायला लागणार.

ती टेस्ट आधी सांगते, कारण तिच्याबद्दल लोकांचा घोळ असतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटात प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा वर आलं की गरोदरपणातला डायबेटिस. उपाशी यायची अट नाही. चेन्नईचे डॉक्टर व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत लावून धरली आणि आता सरकारी गाईडलाईनमध्येही तीच आहे. पोटुशी बाई वस्तीवरून एसटीनं उपाशी येणार, चक्कर येऊन पडणार नाहीतर परत येणारच नाही, त्यापेक्षा आली त्या दिवशी टेस्ट करून मोकळं व्हायचं. पहिल्यांदा नाव नोंदवतानाच करायची आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यात परत. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यावं लागतं, माझ्या शेजारी बसलेल्या एका पोरीचं तसंच झालं बिचारीचं.

आता २४ ते २८ च का, तर सगळा खेळ वारेचा, म्हणजे प्लॅसेंटाचा आहे. बाळाबरोबर आत वाढणारी वार म्हणजे नुसती गाळणी नाही, ती स्वतः हार्मोन बनवते, प्लॅसेंटल लॅक्टोजेन वगैरे, आणि साधारण निम्मे दिवस सरले की त्यांचं प्रमाण जोरात वाढायला लागतं. ही हार्मोन्स आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी करतात, मुद्दाम. आमच्याकडं कॅनॉलची पाळी आली की वरचे लोक सगळं पाणी घेतात आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची बोंब असते ना, तसं समजा. इन्सुलिन म्हणजे पाटकरी, पाणी सोडणारा माणूस, रक्तातली साखर आईच्या स्नायूत जायची दारं तो उघडतो. वार त्या दारांना गंज चढवते, म्हणजे रक्तात साखर जास्त वेळ वाहत राहावी आणि टेलला बसलेल्या बाळाला मिळावी. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं बरं का, डायबेटिस असो नसो. मग स्वादुपिंड काय करतं, पाटकरी वाढवतं, शेवटच्या तीन महिन्यात इन्सुलिन दुप्पट-तिप्पट लागतं. बहुतेकींचं स्वादुपिंड निभावून नेतं. ज्यांचं कमी पडतं, घराण्यात शुगर, वजन, वय, आधीची अशीच डिलिव्हरी, काहीही असेल, त्यांची साखर रक्तातच राहते. काकवीनं आकडा वर नेला असेल पण दार काही काकवीनं गंजवलं नव्हतं. हे मी आत्यांना वहीत आकृती काढून सांगितलं, त्यांनी आकृती बघितली, म्हणाल्या, "तुझी वार लईच हुशार दिसतीय."

पुढचा भाग डेन्मार्कच्या यॉर्गेन पेडरसन या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडला. साखर वारेतून बाळाकडं आरामात जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणजे बाळाला गोड पाणी भरपूर आणि पाटकरी स्वतःचाच. मग त्याचं एवढंसं स्वादुपिंड इन्सुलिन ओतायला लागतं, आणि बाळाच्या शरीरात इन्सुलिन म्हणजे वाढीचं खतच, पोटावर खांद्यावर चरबी चढते, लघवी जास्त होते म्हणून गर्भजल वाढू शकतं, आणि मोठ्या खांद्यामुळं डिलिव्हरीत बाळ अडकायची भीती. नाळ कापली की गोड पाणी एका क्षणात बंद, पण बाळाचं इन्सुलिन जोरातच, मग त्याची शुगर एकदम खाली येते. म्हणून अशा बाळांना तासाभराच्या आत पाजायचं आणि टाचेतून थेंब काढून बघत राहायचं.

हे सांगत होते तेव्हा आत्या अभिमानानं म्हणाल्या, "आमचा मोठा साडेचार किलोचा झालेला, मिरजेच्या दवाखान्यात नर्सा बघायला आलत्या." मोठा म्हणजे माझा नवरा. मी गप्प बसले, पण वहीच्या मागच्या पानावर ते लिहून ठेवलं.

आणि बाळ गुबगुबीत नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावातल्या आया आणि त्यांच्या पोरांचा अभ्यास केलाय, त्यातली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ ची, पण आपली बाळं स्नायूत कमी आणि चरबीत फारशी कमी नाहीत, दिसायला बारीक आतून जाड. आपल्या लोकांना शुगर लवकर का धरते त्याचा एक धागा इथं आहे.

तर माझी वही, घरी बोट टोचून मशीनवर बघितलेली शुगर लिहायची. सकाळी सहाला उपाशी पोटी एक टोच, मग नाष्टा, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, प्रत्येकानंतर दोन तासांनी एक. उपाशी ९५ च्या आत आणि दोन तासांनंतर १२० च्या आत पाहिजे. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. आणि हात धुवा! एकदा तासगावची द्राक्षं निवडून तशीच टोचलं तर १९८ आलं, माझं धाबं दणाणलं, हात धुऊन पुसून दुसऱ्या बोटाला टोचलं तर १०९. बोटावरच्या द्राक्षाच्या रसाची शुगर मापली होती मी.

पहिल्या दवाखान्यातून डाएटचा झेरॉक्स कागद मिळाला त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ब्राऊन ब्रेड. आमच्या गावात ब्रोकोली? मग वहीनंच शिकवलं. संध्याकाळी ताटलीभर भडंग, दोन तासांनी १५१. चुरमुरे म्हणजे फुललेला तांदूळ, तोंडात टाकला की विरघळतो तसाच पोटातही, साखर भरकन रक्तात. दुसऱ्या दिवशी अर्धंच भडंग आणि आधी वाटीभर मोडाची मटकी, ११८. ज्वारीची भाकरी चालते पण दीड, तीन नाही, भाकरीतही पिष्टच असतं हे लोक विसरतात. आणि गूळ चालतो म्हणणाऱ्यांना मी आता हात जोडते, गूळ म्हणजे बहुतेक साखरच, आम्ही बनवतो आम्हाला माहिती. डोहाळजेवणात एका मावशीनं कंदी पेढा तोंडातच कोंबला, साताऱ्याहून खास आणलेला, काय करणार, खाल्ला आणि ओटी भरलेल्या साडीतच अंगणात वीस मिनिटं फेऱ्या मारल्या. जेवणानंतरचं चालणं खरंच काम करतं कारण हलणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो, पाटकऱ्याशिवाय उघडणारं दार.

सकाळचा आकडा मात्र ऐकेना. १०१, ९९, १०३. रात्री मी फक्त डाळ आणि भाजी खाल्ली तरी १००. कारण रात्रभर आपलं लिव्हर स्वतः साखर सोडत असतं आणि पहाटेची हार्मोन्स त्याला आणखी ढकलतात, ताटातलं कमी करून ते ऐकत नाही. दोन आठवडे बघून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन चालू केलं. मी रडले. नंतर कळलं की घाबरायचं तेवढं काही नव्हतं, ते वारेतून बाळाकडं जात नाही, म्हणून तर इतक्या वर्षांपासून ते गरोदरपणात बिनधास्त देतात. फ्रीजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर बघायचे, शेवटी शेवटी पट्टा लावून वीसेक मिनिटं ठोके, घरी जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून लाथा मोजणं. एक मैत्रीण म्हणाली एवढं कशाला टोचतीस, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, कर एकदाच, पण गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात त्यामुळं तो आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतो, भरवसा वहीचाच.

एप्रिलमध्ये मुलगी झाली, २.९ किलो. वार बाहेर आली आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी माझी उपाशी शुगर ८४, इन्सुलिनशिवाय. तीन महिने जिनं नाचवलं ती ट्रेमध्ये पडलेली, अर्ध्या किलोची. पोरीची टाच चार-पाच वेळा टोचली, ठीक निघाली.

पण हा डायबेटिस जाता जाता पत्ता ठेवून जातो, अशा बायकांना पुढं टाइप टू व्हायचा धोका सात ते दहा पट असतो, म्हणून सहा आठवड्यांनी परत ते ७५ ग्रॅम प्यायचं आणि मग दरवर्षी तपासायचं. माझं मे अखेरीस १२१ आलं.

डब्यात शुगर बघायच्या मशीनच्या अकरा पट्ट्या उरल्या होत्या, जूनला एक्स्पायर. आत्या म्हणाल्या, "टाकून कशाला देतीस, एक माझी बघ की." दुपारच्या जेवणाला दोन तास झालेले. २३६. त्यांनी मशीन उलटं धरलंय का बघितलं. हात धुऊन परत टोचलं, २३१. मी वहीचं मागचं पान उघडलं, साडेचार किलो लिहिलं होतं त्याच्या खाली तारीख घातली, आणि सोमवारी दोघी मिरजेला गेलो, पोरीला काखेत घेऊन.